आधी वाळूचा हिशेब मांडा, मग बंधारा

मी राहते त्या देवबागात पश्चिमेला अरबी समुद्र आहे आणि पूर्वेला कर्लीची खाडी. मधे वाळूची अरुंद पट्टी. काही ठिकाणी खाडीकाठावरून निघून माडांच्या बागेतून समुद्रावर पोचायला चार-पाच मिनिटं पुरतात. या पट्टीवर कौलारू घरं आहेत, देवळं आहेत, शाळा आहे, न्याहारी-निवासाच्या खोल्या आहेत, अलीकडे दुमजली हॉटेलं आहेत. आणि दर पावसाळ्यात सगळ्यांची मिळून एकच मागणी आहे, धूपप्रतिबंधक बंधारा द्या.

मी या मागणीच्या विरोधात नाही. ज्याच्या पडवीपासून वीस पावलांवर उधाणाची लाट फुटते, त्याला शास्त्र समजावत बसणं मला पटत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की, आपल्या किनाऱ्यावर गेली कित्येक वर्षं जे चाललं आहे त्याला नियोजन म्हणता येणार नाही. जिथे ओरड मोठी तिथे दगड पडतात. जिथे दगड संपतात तिथे पुढच्या वर्षी नवी ओरड सुरू होते. वाळू कुठून येते, कुठे जाते, वाटेत कोण उचलतं, याचा हिशेब कुठल्याच टेबलावर एकत्र मांडलेला नाही.

हे आत्ता बोलायला हवं, कारण पैसा येतो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी आशियाई विकास बँकेशी ४.२ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. त्यात दगडी कामाबरोबर पाण्याखालचे कृत्रिम खडक, किनाऱ्यावर वाळू भरणं, वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या करणं, उपग्रहावरून किनाऱ्यावर लक्ष ठेवणं, महाराष्ट्र सागरी मंडळाची नियोजनाची ताकद वाढवणं, असं सगळं आहे. कागद चांगला आहे. पण याच बँकेच्या मदतीने पंधरा वर्षांपूर्वी कर्नाटक आणि महाराष्ट्रात अशीच योजना सुरू झाली होती. तिच्यात आपल्याकडचं नाव होतं रत्नागिरीच्या मिऱ्याचं. मिऱ्याच्या लोकांना विचारा, पावसाळ्यात अजून त्यांना शांत झोप लागते का. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज त्याच मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं आणि पुढे कित्येक पावसाळे तिथेच रुतून राहिलं. आज तिथे टेट्रापॉडची रांग आहे. गावाला तिची गरज होतीच. पण मिऱ्याच्या उपसागरात वाळू का कमी झाली, या प्रश्नाचं उत्तर टेट्रापॉड देत नाहीत.

मी भूगोल शिकवत असे. आमच्या पाठ्यपुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर होता. केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर भरला आहे. नवी जमीन वर आलेली नाही. खाड्यांची वळणं, खाजणं, भूशिरं जवळून मोजली गेली म्हणून आकडा वाढला. आणि या किनाऱ्याचं काय होतं आहे, तेही मोजलेलं आहे. चेन्नईतल्या राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रह चित्रं ताडून पाहिली. देशाच्या किनाऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा धुपतो आहे. महाराष्ट्रात त्यांनी तपासलेल्या सुमारे ७४० किलोमीटरपैकी १८८ किलोमीटर, म्हणजे पाव भाग धुपतो आहे. दहा टक्क्यांच्या आसपास किनाऱ्यावर वाळूची भर पडते आहे. उरलेला जवळजवळ स्थिर आहे. पश्चिम बंगालचा निम्म्याहून जास्त किनारा धुपतो आहे, त्या मानाने आपण बरे आहोत. ही बरी स्थिती टिकवायला आपल्याकडे अजून वेळ आहे.

या आकड्यांमागे काय घडतं हे मुलांना कळावं म्हणून आम्ही शाळेत एक उद्योग करायचो. खर्च काहीच नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, त्यांवर बोटा-बोटाच्या अंतराने रंगाच्या खुणा, आणि मधे ठरावीक लांबीची दोरी. देवळाच्या ओट्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कारण तो हलत नाही. एक मुलगा पुढे समुद्राकडे काठी धरून उभा, दुसरी मुलगी मागे. मागच्या मुलीने पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं, आणि ती रेषा आपल्या काठीवर वरून किती खुणा खाली येते ते वाचायचं. तेवढी तिथे वाळू उतरलेली. वहीत लिहायचं, दोरी पुढे न्यायची, पाण्याला पाय लागेपर्यंत. ओहोटीच्या वेळी, अमावास्येच्या आसपास. जगभर किनारा मोजणारे ही रीत वापरतात आणि आठवीतली मुलं ती नीट करतात.

पावसाळा संपताना काढलेला आलेख आणि फेब्रुवारीतला आलेख एकमेकांवर ठेवला की मुलांचे डोळे मोठे व्हायचे. सप्टेंबरमध्ये किनारा अरुंद, उभा कापलेला, माडांची मुळं उघडी. फेब्रुवारीत तीच जागा रुंद, सपाट, होड्या ओढून ठेवण्याजोगी. नैऋत्येच्या लाटा पावसात वाळू ओरबाडून आत नेतात आणि पाण्याखाली तिचा दांडा करून ठेवतात. तोच दांडा पुढच्या लाटांना किनाऱ्यापासून दूर फोडतो. पाऊस सरला की हलक्या लाटा ती वाळू परत आणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, हे सांगावं लागत नाही. त्यांतले एक काका मुलांना म्हणाले होते, “पावसात न्हेलली वाळू दर्या दिवाळेनंतर परत हाडून घालता. तुमी फक्त तिका वाट ठेवा.”

ही वाट आपण बंद करतो आहोत. सरळ उभ्या किंवा तीव्र उताराच्या दगडी भिंतीवर लाट आपटली की ती मागे फिरताना पायथ्याची वाळू खरवडते. भिंतीमागचं घर वाचतं, भिंतीपुढची पुळण जाते. आणि भिंत जिथे संपते, तिथे कोपऱ्यावर लाट वळून आत घुसते. मुलांच्या वहीत सगळ्यात खोल काप कुठे दिसला असेल तर तो बंधाऱ्याच्या शेवटच्या दगडापलीकडे. तिथलं घर मग पुढच्या वर्षी अर्ज करतं. एका गावाचा बंधारा असाच वाडी-वाडीने लांबत जातो, आणि प्रत्येक वाढीव तुकड्याचं समर्थन आधीच्या तुकड्याने केलेल्या नुकसानीत असतं.

केरळ या रस्त्याने आपल्या कितीतरी पुढे गेलं आहे. त्याच्या ५९० किलोमीटर किनाऱ्यापैकी अर्ध्याहून अधिक भागावर दगड आहेत. तरीही कोचीजवळच्या चेल्लानमला जुनी भिंत ढासळली आणि समुद्र घराघरांत शिरला. शेवटी तिथे कोट्यवधी रुपयांचे टेट्रापॉड लावावे लागले. ते लागल्यावर त्या वस्तीला दिलासा मिळाला, हेही खरं आहे. पण प्रत्येक गावाचं चेल्लानम होईपर्यंत थांबण्याइतका पैसा कुठल्या राज्याकडे आहे?

बंधाऱ्याने आणखी एक गोष्ट जाते, आणि तिची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून पन्नास-साठ माणसांनी ते वाळूवर खेचून आणायचं. त्याला मोकळी, उतरती, बिनदगडाची पुळण लागते. त्यात ज्याने दोर धरला त्याचा वाटा असतो. म्हातारा माणूसही टोपलीभर मासळी घेऊन घरी जातो. बंधारा झाला त्या वर्षी एका रापणकराने मला रस्त्यात थांबवून विचारलं, “बाई, बंधारो झालो ता बरा झाला. पण आता रापण खंय वडूची?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसंच कासवांचं. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. आमच्या बाजूला वेंगुर्ल्याच्या वायंगणीलाही मादी अंडी घालायला येते. तिला भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू लागते. दगडांवर ती चढू शकत नाही.

आता वाळूच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत त्या सह्याद्रीचा जो गाळ-वाळू खाली आणतात, त्यावर हे किनारे उभे आहेत. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे होतात, सरकतात, मोडतात, पुन्हा होतात. आमच्या संगमावर पर्यटकांना ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून जी जागा दाखवतात ती अशीच वाटेत थांबलेली वाळू आहे. कर्ली आणि कालावल या आमच्या तालुक्याच्या दोन खाड्या. दोन्हींतून वर्षानुवर्षं वाळू उपसली जाते. काही परवान्याने, काही रात्रीची. हातपाटीने डुबी मारून वाळू काढणाऱ्या गरीब माणसाशी माझं भांडण नाही. हाताने वाळू काढणाऱ्या पारंपरिक समाजांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही मर्यादित सूट आहे. पण सक्शन पंप बसवलेली होडी एका रात्रीत जे नेते, ते हाताच्या कामाच्या हिशेबात बसत नाही.

माझा राग इथे आहे. महसूल खातं खाडीतल्या वाळूच्या गटांचा लिलाव करतं. ती वाळू डंपरने जिल्ह्याबाहेर जाते. त्याच खाडीच्या मुखाशी असलेल्या गावात वाळू कमी पडली म्हणून पत्तन विभाग डोंगर फोडून काढलेला दगड डंपरने आणतो. दोन्ही डंपर एकाच अरुंद रस्त्याने जातात. वाळू विकून सरकारला मिळालेले रुपये आणि दगड टाकून सरकारने खर्चलेले रुपये एका पानावर लिहिलेले मी कुठे पाहिले नाहीत. जिल्हा नियोजन समितीने एवढं एकच पान तयार केलं तरी पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतील.

केळशीला तर आपण आपली तिजोरीच कापली. भारजा नदीच्या मुखाशी वाऱ्याने आणि लाटांनी शतकानुशतकं रचलेली वाळूची मोठी टेकडी होती. खाडीवरच्या पुलाच्या रस्त्यासाठी ती खोदली गेली, तेव्हा आतून जुन्या वस्तीचे अवशेष आणि नाणी बाहेर आली. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी त्यावर संशोधन केलं. पुरातत्त्वाचा भाग बाजूला ठेवला, तरी अशी टेकडी म्हणजे वादळाच्या दिवशी गावापुढे उभा राहणारा बंधारा असतो आणि तोही दुरुस्तीचा खर्च न मागणारा. छोट्या टेकड्या तर आपण रोज घालवतो. महोत्सव आला की जेसीबी लावून किनारा सपाट करतात. त्यावरची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा ‘कचरा’ म्हणून उपटतात. जांभळ्या फुलांची ती वेल आणि ते काटेरी गवत यांचं कामच उडती वाळू धरून ठेवण्याचं. सुरूची रांग लावून ते काम होत नाही. निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर सुरू मुळासकट कसे आडवे झाले ते सगळ्यांनी पाहिलं. उंडी, करंज, केवडा ही इथली झाडं मंद वाढतात, पण टिकतात.

हे सगळं चाललेलं असताना किनाऱ्यावर विकासाचा वेग किती आहे तो पाहा. रेवस ते रेडी सागरी महामार्ग जवळपास पाचशे किलोमीटरचा, खाड्यांवर मोठे पूल. त्याच्या अंगाने तेरा विकास केंद्रं आखलेली. चिपीला २०२१ पासून विमानतळ. मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी १११ हेक्टर समुद्र भरला. पालघरला वाढवण बंदर: केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिलेला ७६,२२० कोटींचा प्रकल्प, त्यात १,४४८ हेक्टरचा भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. हे वाढवण डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारलं होतं आणि त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. पापलेटसाठी ओळखलं जाणारं सातपाटी त्याच जिल्ह्यात आहे. तिथला बंधारा कितीदा फुटला आणि कितीदा बांधला, हे तिथल्या कोळी बायकांना तोंडपाठ आहे. एवढ्या मोठ्या बांधकामाने वाळूचा आणि गाळाचा प्रवास बदलणार, याबद्दल दुमत नाही. तो किती आणि कुठे बदलतो हे पुढची तीस वर्षं कोण मोजणार, ते मोजमाप सातपाटीच्या माणसाला कुठे वाचायला मिळणार, आणि वाळू हटली तर भरपाई वाळूच्या रूपात कोण करणार? या तीन ओळी परवानगीच्या पहिल्या पानावर हव्यात.

नियमांनी आपल्याला सांभाळायचं होतं. १९ फेब्रुवारी १९९१ ची पहिली किनारा नियमन अधिसूचना आली तेव्हा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ती जाचक वाटली. स्वतःचं घर दुरुस्त करायलाही हेलपाटे पडत. तो जाच खरा होता. २०११ ला नवी अधिसूचना आली. तिच्यात एक मोलाची गोष्ट होती, धोका रेषा. पूर, लाटा, धूप आणि समुद्राची चढती पातळी धरून पाणी कुठवर येऊ शकतं, त्याची रेषा नकाशावर आखायची. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत ही रेषा बांधकाम नियमनातून बाहेर काढली आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी वापरायचं साधन म्हणून ठेवली. त्याच वेळी दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या जागी, भरतीरेषेपासून २०० मीटरचा ना-विकास पट्टा ५० मीटरवर आणला. खाडीकाठी तो ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते.

५० मीटर म्हणजे किती, हे मी मुलांबरोबर दोरीने मोजलं आहे. आमच्या भागात एका वाईट पावसाळ्यात किनाऱ्यावर जेवढी हालचाल दिसते, त्याच्याशी ताडून पाहता हे अंतर फार लवकर संपतं. स्थानिक माणसाला घर बांधायला, न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या काढायला सवलत हवी, हे मला मान्य आहे. आमच्या गावचा संसार आता त्यावर चालतो. पण ती सवलत ज्या वाटेने येते त्याच वाटेने बाहेरचा गुंतवणूकदार येतो आणि पुळणीच्या कडेला काँक्रीटचं कुंपण घालतो. चार वर्षांनी तो बंधारा मागतो. त्याचा बंधारा सरकारी पैशाने का बांधायचा?

म्हणून किनारा आराखड्यात पहिला निर्णय जागेचा हवा. कोकणाला निसर्गाने एक सोय दिली आहे. इथला किनारा सलग नाही. दोन भूशिरांमधे एक पुळण, मधे कुठेतरी खाडीचं मुख, अशी याची रचना. एका भूशिरापासून दुसऱ्यापर्यंत वाळूचं एक खातं. बंधाऱ्याची मंजुरी गावनिहाय किंवा वाडीनिहाय न देता या खात्यानिहाय द्या. त्या खात्यात नदीने किती आणलं, उपशाने किती गेलं, पावसात किती आत गेलं आणि किती परत आलं, हे निदान पाच वर्षं मोजा. मग ठरवा. गावठाण, शाळा, मासळी उतरवण्याची जागा, पिण्याच्या पाण्याची विहीर जिथे धोक्यात आहे, तिथे दगड टाका, आणि चांगले टाका. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून आपल्या राज्यात आहे, तिच्या टाकीत लाटा पाडून आधी नमुना तपासा. जिथे फक्त रिकामा प्लॉट आहे, तिथे समुद्राला जागा सोडा. जिथे बंदराचं मुख किंवा खाडी खणून वाळू निघते, तिथे ती वाळू विकायची नाही. त्याच खात्यातल्या धुपणाऱ्या पुळणीवर टाकायची. विशाखापट्टणमला बंदरात साचलेली वाळू किनाऱ्यावर परत देण्याची रीत जुनी आहे.

पुदुच्चेरीचं उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. १९८० च्या दशकाअखेर तिथे बंदरासाठी दोन भिंती समुद्रात गेल्या. उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांनी अडवली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली; तीसेक वर्षं लोक दगडांवर बसून समुद्र बघत होते. मग चेन्नईच्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली पोलादी पाचरीसारखा एक अडथळा ठेवला, बंदरातली वाळू आणून टाकली, आणि २०१८ च्या सुमारास शहराला पुळण परत मिळाली. भारतीय पैशात, भारतीय संस्थांनी केलेलं काम आहे हे. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेगजवळ एकाच जागी दोन कोटी पंधरा लाख घनमीटरच्या आसपास वाळू ओतली आणि वारा-लाटांना ती किनाऱ्यावर पसरवू दिली. तेवढी ऐपत आपली नाही. पण ज्या देशाने शेकडो वर्षं बांध घालण्यात हयात घालवली तो आज दरवर्षी वाळू टाकून किनारारेषा राखतो, याचा अर्थ आपल्या अभियंत्यांनी लावायला हवा.

एक अवघड गोष्ट उरते आणि ती टाळून आराखडा पुरा होणार नाही. काही जागा वाचणार नाहीत. माझ्या सासरच्या माडांच्या बागेचा एक तुकडा समुद्रात गेलेला आहे. सातबाऱ्यावर तो आजही तसाच आहे, तेवढ्याच गुंठ्यांचा, वारसांच्या नावांसकट. शेजारपाजारच्या कितीतरी घरांची हीच कथा. दरड कोसळली, पूर आला, तर पंचनामा होतो, पुनर्वसनाचा विषय निघतो. समुद्राने दरवर्षी दोन-चार पावलं नेली तर ती आपत्ती ठरत नाही. भोगवटा गेला, उत्पन्न गेलं, आणि कागदावर मात्र आम्ही जमीनदार. ज्याचं घर धोका रेषेच्या आत आहे त्याला त्याच गावात, किनाऱ्याला चालत जाता येईल अशा जागी गावठाण विस्तारात प्लॉट द्या. मच्छीमाराला दहा किलोमीटर आत नेऊन वसवलंत तर त्याचा धंदा बुडतो आणि सहा महिन्यांत तो परत येतो. आणि अशी जागा आजच राखून ठेवावी लागेल, कारण महामार्ग झाल्यावर आमच्या गावात मोकळी जमीन उरणार नाही.

या सगळ्याला माणूस कोण? किनाऱ्यावर आज पत्तन विभाग आहे, सागरी मंडळ आहे, महसूल आहे, वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे, खारभूमी आहे, मत्स्य विभाग आहे, पर्यटन आहे, सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरण आहे. प्रत्येकाची हद्द वेगळी, आणि पुळण कोणाच्याच हद्दीत पुरती येत नाही. प्रत्येक किनारी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली एक किनारा अधिकारी हवा, ज्याच्या सहीशिवाय खाडीतल्या वाळूचा लिलाव होणार नाही आणि बंधाऱ्याचं टेंडरही निघणार नाही. दोन्ही कागद एकाच टेबलावरून गेले तर डंपरचा तो उलटसुलट प्रवास थांबेल. कर्जातून सागरी मंडळात जो किनारा कक्ष उभा राहणार आहे, त्याने मुंबईत बसून उपग्रहाची चित्रं जरूर पाहावीत. पण सप्टेंबर आणि फेब्रुवारीत किनाऱ्यावर उतरून मोजणारी माणसं गावातलीच लागतील. शाळांना द्या हे काम. दोन काठ्या आणि दोरी आमच्याकडे आहे.

आणि गावकऱ्यांना माझं सांगणं आहे. येत्या ग्रामसभेत बंधाऱ्याच्या ठरावावर सही करा, मीही करीन. पण त्याच ठरावात तीन ओळी आणखी घालायला लावा. आमच्या खाडीतून यंदा किती ब्रास वाळू उचलली त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. धोका रेषेचा आमच्या गावचा नकाशा ग्रामपंचायतीत सगळ्यांना दिसेल असा लावला पाहिजे. आणि बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांपलीकडच्या वाड्यांचं काय होणार, हे अभियंत्यांनी काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत उभं राहून लेखी दिलं पाहिजे. उत्तर आल्याशिवाय इतिवृत्तावर सही करू नका.